बाक माझा, भट्टी त्याची

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना माणसानं कसं जावं, हे मला विचारा. सदुसष्ट वर्षांत मी वकिलाची पायरी एकदाच चढलो, पण जी तयारी करून चढलो तशी लोक स्वतःच्या लग्नालासुद्धा करत नाहीत. पहिला अर्धा तास फुकट असतो, हे मला ठाऊक होतं. त्या अर्ध्या तासात काय बोलायचं ते मी आठ दिवस गोठ्यात उभा राहून घोकत होतो. पहिली दहा मिनिटं वडील, पुढची दहा सौना आणि शेवटची दहा ऑर्व्हिल साअरीचा नीचपणा. एकतिसाव्या मिनिटाला वकीलबाईंनी डोळे पुसत उठावं आणि ऑर्व्हिलवर दावा ठोकावा, इतका सरळ बेत होता.

ऑर्व्हिलनं काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचंही डोकं फिरेल.

ऑर्व्हिल माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या घराच्या मधे माझ्या वडिलांनी बांधलेला सौना आहे. देवदाराच्या ओंडक्यांची एक खोली, आत दगड रचलेली भट्टी आणि समोर एकावर एक दोन बाक. भट्टी पेटवायची, दगड तापले की त्यांवर डावानं पाणी मारायचं आणि वरच्या बाकावर बसून वाफेत शिजायचं. आमच्या उत्तर मिशिगनात फिनलंडहून आलेल्या घराण्यातला माणूस रविवारी चर्चला गेला नाही तरी पाद्री एखादे वेळी माफ करतो, पण शनिवारचा सौना चुकला तर लोक तब्येतीची चौकशी करायला येतात. मी तर जन्मलोच त्या सौन्यात. बर्फाचं वादळ होतं, आईला इस्पितळात नेता येईना, तेव्हा वरच्या बाकावर माझा जन्म झाला. आणि गेली तीस वर्षं दर शनिवारी त्याच बाकावर मी आणि ऑर्व्हिल खांद्याला खांदा लावून, एक अक्षर न बोलता बसत आलो. यापेक्षा जवळची मैत्री आमच्याकडे नसते.

गेल्या नोव्हेंबरात या माणसानं जमीन मोजून घेतली. का, तर मुलगी म्हणाली म्हणून. मोजणीवाला आला, दुर्बिणीतून इकडेतिकडे बघितलं आणि गुलाबी फीत बांधलेल्या दोन खुंट्या ठोकल्या. एक सौन्याच्या पुढे, एक मागे. दोन्हींना दोरी लावून बघितलं, तर हद्द सौन्याच्या मधोमध! भट्टी ऑर्व्हिलच्या जमिनीत आणि बाक माझ्या. म्हणजे मी बसणार स्वतःच्या घरी आणि घाम गाळणार ऑर्व्हिलच्या कृपेनं.

तरीही मी शांत होतो, हे लक्षात घ्या. पण ऑर्व्हिलनं ती दोरी निरखली, टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, "मग व्हर्नर, आता काडी लावायच्या आधी मला विचारत जा."

माणूस तीस वर्षांत एकदाच विनोद करतो आणि तो माझ्या बापाच्या सौन्यावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता कोर्टातच भेटू," मी म्हणालो. त्याच संध्याकाळी पुढची खुंटी उपटून घरी आणली. पुरावा नको का?

त्या दिवसापासून सौन्यात भट्टी पेटली नाही. त्यानं पेटवली नाही, कारण बाक माझा. मी पेटवली नाही, कारण भट्टी त्याची. दहा शनिवार गेले. ऐन जानेवारीत मी घरातल्या टबात गुडघे हनुवटीला टेकवून बसत होतो. त्याला आंघोळ म्हणत नाहीत, ते भांडी विसळणं झालं. आणि रोज खिडकीतून ते धूर नसलेलं धुराडं दिसायचं. उद्या कोर्टानं सांगितलं की भट्टीची बाजू पाडा, तर वडिलांचा सौना राहिला कुठे? भट्टीशिवाय सौना म्हणजे लाकडाची वखार. या विचारानं मला खरोखर जेवण जात नव्हतं.

शेवटी वकिलाला फोन केला. उचलला नोरीननं. नोरीन वकीलबाईंच्या कचेरीतलं टेबल सांभाळते आणि शाळेत माझ्या दोन वर्ग मागे होती.

"कोणाविरुद्ध आहे, व्हर्नर? नाव सांग, वहीत बघावं लागतं," ती म्हणाली.

"शेजाऱ्याविरुद्ध."

"शेजाऱ्याला नाव असेल ना?"

"त्याचं नाव तोंडातून काढणार नाही, अशी शपथ घेतलीय मी."

"बरं बाबा. शुक्रवारी दहाला ये. वेळेवर ये, एकटा ये, जमिनीचे कागद आण. आणि तोवर या विषयावर कोणाशी बोलू नकोस, विशेषतः त्या शेजाऱ्याशी."

जणू मी बोलायला तडफडत होतो.

शुक्रवारी सकाळी पारा शून्याच्या खाली अठरा. माझी बायको डोरिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते, ती तिची गाडी घेऊन सातलाच निघाली. जाताना दारातून म्हणाली, "कागद निळ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. वरच्या फळीवरचा डबा. वरच्या. ऐकलंस का?"

"मी लहान मूल आहे का?"

तिनं दार ओढून घेतलं. मी अंत्ययात्रांना घालायचा कोट चढवला, डबा बगलेत मारला, खुंटी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ट्रकमध्ये जाऊन किल्ली फिरवली. ट्रक एकदा "टक" म्हणाला आणि गप्प झाला.

आमच्याकडे थंडीत रोज संध्याकाळी गाडीची वायर घराच्या प्लगमध्ये खोचावी लागते. इंजिन ऊबदार राहतं. नाहीतर सकाळी आतलं तेल तुपासारखं थिजलेलं असतं. मी वायर खोचली होती. खोचली असणारच, चाळीस वर्षं खोचतोय. आदल्या संध्याकाळी मी गोठ्यात भाषणाचा शेवट घोकत होतो खरा, पण म्हणून काय झालं? ट्रकलाच काहीतरी झालं असणार. मी पंधरा मिनिटं त्याला शिव्या दिल्या, मग फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. गाव वीस मैल, घड्याळात पावणेनऊ.

दोन मिनिटंही झाली नसतील, वळणावरून एक ट्रक आला. ऑर्व्हिलचा!

तो थांबला. आतून दार उघडलं. आता तुम्ही म्हणाल, बसायचंच कशाला? इथे राहायला या, मग विचारा. अठरा खाली असताना रस्त्यावर उभ्या माणसाला गाडीत घेतात, मग त्यानं तुमचा गोठा का जाळलेला असेना. आणि ज्याला घेतात तो नाही म्हणत नाही. शिवाय कोण कुठे चाललाय हे कोणी कोणाला विचारत नाही, तो भोचकपणा होतो. मी बसलो. खुंटी दोन गुडघ्यांत उभी धरली.

ऑर्व्हिलनं गुंडाळीकडे बघितलं. "मासे?"

"हं," मी म्हणालो.

बारा मैलांवर तो म्हणाला, "गार आहे."

"असायचंच."

एवढंच बोलणं झालं. विषयाचं एक अक्षर मी काढलं नाही. नोरीननं सांगितलेला नियम मी शत्रूच्या गाडीत बसूनही पाळला, याची कोणी दखल घेतली का? नाही घेतली.

गावात कोर्टासमोर मी उतरलो, तर हाही उतरला. मी वकिलाच्या जिन्यानं चढलो, तर हाही मागून वर. मला वाटलं, गाडीत गारठून बसण्यापेक्षा वर उबेत थांबत असेल. कोणाच्या उबेवर कोण बसतं हा तर आमचा वादच होता, पण मी मोठ्या मनानं काही बोललो नाही. नोरीननं आम्हा दोघांकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हर्नर, तू आत जा."

वकीलबाईंचं नाव कॅरोलिन ट्रेवॅरो. वय पस्तीसच्या आसपास, केस मागे बांधलेले. मी खिशातलं घड्याळ काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "वेळ सुरू," मी म्हणालो.

त्या हसल्या. "बसा, किवेलासाहेब. सगळ्यात आधी मला समोरच्या पक्षाचं नाव हवंय. ते कळल्याशिवाय तुम्ही काही सांगू नका."

"माझे वडील एकोणीसशे सत्तावीस साली जन्मले," मी सुरुवात केली.

"किवेलासाहेब, नाव."

"मॅटी किवेला."

"तुमच्या वडिलांचं नाही, समोरच्या पक्षाचं."

"त्याच्यावर विसाव्या मिनिटाला येणार आहे मी. क्रम बिघडवू नका, बाई."

त्यांनी तीनदा हात वर केला. मी तिन्ही वेळा त्या हाताला वळसा घालून पुढे गेलो. आठ दिवसांची मेहनत होती ती. वडिलांनी ओंडके कसे ओढत आणले, माझा जन्म कसा झाला, दोरी कुठून गेली, सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी, बहुतेक मला थांबवण्यासाठीच, विचारलं, "जमिनीचे कागद आणलेत?"

मी ऐटीत डबा पुढे सरकवला. त्यांनी झाकण उघडलं. आत बटणं होती. बटणं, चार रंगांचे दोरे आणि सुया टोचलेली टोमॅटोच्या आकाराची उशी. आमच्या घरात तसेच निळे डबे दोन आहेत, हे डोरिसला माहीत असताना तिनं मला नीट सांगायला नको होतं?

"कागदांचं सोडा," मी म्हणालो. "माझ्याकडे अस्सल पुरावा आहे." वर्तमानपत्र सोडून मी ती खुंटी गुलाबी फितीसकट टेबलावर ठेवली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "ही कुठून आणलीत?"

"जिथे ठोकली होती तिथून. उपटली."

"किवेलासाहेब, मोजणीची खुंटी उपटणं हा गुन्हा आहे."

ऐकलंत? दावा ठोकायला आलेला माणूस चौदा मिनिटांत आरोपी झाला! मी म्हणालो, "बाई, तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात?"

"अजून कोणाच्याच नाही, आणि तेच ठरवायला मला नाव हवंय. तुम्ही सांगितलेलं या खोलीबाहेर जाणार नाही, खुंटीचंसुद्धा. पण आता एक शब्दही बोलू नका. बोलायचं नसेल तर लिहून द्या."

शपथ बोलण्याची होती, लिहिण्याची नव्हती. मी लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा वाचला.

"मला तुमचं वकीलपत्र घेता येणार नाही. या गृहस्थांचं एक काम आमच्याकडे आहे. कुठलं ते विचारू नका. आपल्याच पक्षकारावर वकिलाला दावा लावता येत नाही. नोरीननं फोनवर नाव विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं."

"मग?"

याला उत्तर होतं, पण ते माझ्याच विरुद्ध जात होतं, म्हणून मी दिलं नाही. उलट विचारलं, "इथे दुसरा वकील कुठे आहे?"

"साठ मैलांवर. आज तुम्ही आलात कसे? बाहेर बर्फ वाढतंय."

"ट्रकनं."

"स्वतःच्या?"

वकिलाशी खोटं बोलू नये म्हणतात. मी कागदावरच्या नावाकडे बोट दाखवलं.

वकीलबाईंनी ते तिसऱ्यांदा वाचलं. "ज्या माणसावर दावा लावायचाय, त्याच्याच गाडीतून आलात?"

"मग काय करायचं होतं त्यानं? अठरा खाली असताना मला रस्त्यावर सोडायचं होतं? तो काय जनावर आहे?" मी चांगलाच भडकलो. आमच्या माणसांबद्दल कोणी वाटेल ते बोललेलं मी ऐकून घेत नाही.

घड्याळ उचललं. अठरा मिनिटं झाली होती. माझी बारा मिनिटं राहिली ती राहिलीच. बाहेर आलो तेव्हा नोरीन म्हणत होती, "ऑर्व्हिल, तुझी साडेदहाची वेळ. जा आत."

मी जागीच थबकलो. "तुझी वेळ?"

"हं," ऑर्व्हिल म्हणाला.

"वीस मैल माझ्या शेजारी बसलास आणि बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. मासे आहेत म्हणालास."

"माझ्यावर दावा लावतोयस?"

"मी कशाला लावू? तूच म्हणालास कोर्टात भेटू. म्हणून म्हटलं, एक वकील बघून ठेवावा."

मी नोरीनकडे वळलो. "तू आम्हा दोघांना एकाच सकाळी बोलावलंस?"

"मी काय करू?" नोरीनही तापली. "तू म्हणालास शेजारी, तोही म्हणाला शेजारी. या जिल्ह्यात कोणाला शेजारी नाही? नाव विचारलं तर दोघांची दातखीळ बसली होती."

तेवढ्यात वकीलबाई दारात आल्या. ऑर्व्हिलला म्हणाल्या, "साअरीसाहेब, या प्रकरणात मी तुमच्या बाजूनंही उभी राहू शकत नाही. मी आत्ताच यांचं ऐकलंय." मग ओव्हरकोट चढवत म्हणाल्या, "मला कोर्टात जायचंय. खोली रिकामी आहे, हवं तर बसा. सल्ला मी कोणालाच देऊ शकत नाही. पण कधी तुमचं आपसात जमलं आणि लिहून ठेवायचं असेल, तर दोघांनी आपापला वेगळा वकील करा."

म्हणजे बघा! भांडायला एक वकील मिळेना आणि समेट करायला दोन लागणार! याला कायदा म्हणतात. मी हे मोठ्यानं म्हणणार होतो, पण बाई जिना उतरून गेल्यासुद्धा.

मी सरळ निघून जाणार होतो. पण जाणार कशानं? ट्रक त्याचा. आणि नोरीननं तोवर कॉफी ओतली होती, शेजारी वेलदोड्याच्या गोड पावाचे काप. आमच्याकडे ओतलेली कॉफी सोडून उठणं म्हणजे घरच्यांच्या तोंडावर थुंकणं. बसलो. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो, मधे खुंटी आणि बटणांचा डबा. पहिला कप गप्प गेला. दुसराही.

तिसऱ्या कपाला ऑर्व्हिल खुंटीकडे बघत म्हणाला, "मासा वाळलाय."

मी पावाचा काप उचलला.

"परत ठोकावी लागेल," तो म्हणाला.

"ठोक की. जमीन मे महिन्यापर्यंत गोठून दगड आहे."

"मोजणीवालापण मेशिवाय येणार नाही." त्यानं पाव कॉफीत बुडवला. "म्हणजे मेपर्यंत हद्द कुठे आहे ते कोणालाच दिसायचं नाही."

"आणि मेनंतर?"

"मेनंतर कोण सौन्याला तडफडतं? उकडतं."

मी विचार केला. कायद्याच्या दृष्टीनं यात कुठेतरी भोक असणार, पण सांगायला वकील नव्हता. "भट्टीची जाळी गंजलीय," मी म्हणालो.

"माझ्याकडे नवी आहे. नोव्हेंबरातच आणली होती. बसवणार होतो, तर तू कोर्ट काढलंस."

दहा शनिवार ती जाळी त्याच्या घरात पडून होती आणि मी टबात घडी होऊन बसत होतो. मला कोणाचा राग आला ते मी इथे सांगणार नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही नेहमीसारखे गप्प होतो. बारा मैलांच्या खुणेपाशी ऑर्व्हिल म्हणाला, "काल संध्याकाळी तुझ्या ट्रकची वायर लोंबत होती."

"काय?"

"प्लगमध्ये नव्हती. माझ्या खिडकीतून दिसत होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आपण बोलत नव्हतो ना." त्यानं काच पुसली. "म्हटलं, सकाळी याला कुठे जायचं असलं तर ट्रक काही चालू व्हायचा नाही. म्हणून लवकर निघालो. आठपासून वळणावर थांबलो होतो. तू बाहेर यायला फार वेळ लावलास, व्हर्नर."

मला आधी संतापच आला. दोन पावलं चालत येऊन दारावर एक थाप मारली असती, तर काय बिघडलं असतं? मग ते वळण डोळ्यांपुढे आलं. अठरा खाली, पाऊण तास, गाडी चालू ठेवून बसलेला हा म्हातारा. आणि मी गुडघ्यांत त्याच्याविरुद्धचा पुरावा धरून त्याच्या शेजारी बसलो होतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर काही नव्हतं, नुसतं बर्फ.

फाटकापाशी उतरताना म्हणालो, "उद्या चार वाजता भट्टी पेटवू का?"

"विचारतोयस?"

सदुसष्ट वर्षांचा मी, त्याच बाकावर जन्मलेला. "हो, विचारतोय," मी म्हणालो.

"बघतो," ऑर्व्हिल म्हणाला आणि गाडी पुढे घेतली.

तीस वर्षांत दोन विनोद, दोन्ही माझ्यावर. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच धुराड्यातून धूर निघत होता. मी टॉवेल खांद्यावर टाकला, तेव्हा डोरिस माझ्या कोटाला बटण लावत बसली होती. तिनं विचारलं, "काय रे, ती वकीलबाई शेवटी म्हणाली तरी काय?"

"काही अर्थ नाही तिच्याकडे जाण्यात," मी म्हणालो. "म्हणतात अर्धा तास आणि ऐकतात अठरा मिनिटं."